मानसशास्त्राचा प्राध्यापक विद्यापीठाचा प्रमुख होतो तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मानसशास्त्र शिकवणारी माणसं विद्यापीठाच्या प्रमुखपदापर्यंत कशी पोचतात, तिथे गेल्यावर विषयाचा खरोखर उपयोग होतो का, आणि संशोधनाचं काय होतं? तुमची विभागप्रमुखपदाची मुदत संपत आलीय आणि अधिष्ठातापदासाठी विचारणा झालीय, म्हणजे निर्णय तोंडावर आहे. मी स्वतः मानसशास्त्राची प्राध्यापक, मग विभागप्रमुख, अधिष्ठाता आणि प्र-कुलगुरू अशा वाटेने गेले. आता निवड समित्यांवर बसते. त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते.

विषयाचा उपयोग होतो, पण लोक समजतात तिथे नाही. मानसशास्त्राचा माणूस म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखणार, भांडणं मिटवणार, सगळ्यांना सांभाळून घेणार, असा समज निवड समितीतल्या शिकल्यासवरल्या सदस्यांचाही असतो. आपल्या विषयाने असलं काही आपल्याला दिलेलं नसतं. त्याने दिलेली असते एक शिस्त: मोजल्याशिवाय बोलू नये, मोजलं तर कशाने मोजलं ते सांगावं, आणि स्वतःच्या पहिल्या अंदाजावर विसंबू नये. प्रमुखाच्या खुर्चीत या शिस्तीची रोज गरज पडते आणि ती पाळणं रोज अवघड जातं, कारण खुर्चीवरच्या माणसाकडून सगळ्यांना तडकाफडकी उत्तर हवं असतं.

ही वाट जुनी आहे. अमेरिकेतलं क्लार्क विद्यापीठ 1889 मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल होते. (तिकडचे अध्यक्ष म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू असं समजून चाला.) वुंट यांची जर्मनीतली लायप्झिगची प्रयोगशाळा, म्हणजे मानसशास्त्राची पहिली मानली जाणारी प्रयोगशाळा, सुरू होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. वॉल्टर डिल स्कॉट 1920 ते 1939 नॉर्थवेस्टर्नचे आणि जेम्स रोलंड एंजेल 1921 ते 1937 येलचे अध्यक्ष होते. पुढच्या काळात रिचर्ड ॲटकिन्सन, ज्युडिथ रोडिन, नॅन्सी कँटर, पीटर सॅलोव्ही ही नावं येतात. भारतात के. रामकृष्ण राव आंध्र विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि दिल्ली विद्यापीठात मानसशास्त्र शिकवलेले गिरीश्वर मिश्र 2014 ते 2019 या काळात वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचे कुलगुरू होते.

हॉल यांची गोष्ट मी नव्या अधिष्ठात्यांना आवर्जून सांगते. माणूस विद्वान, दृष्टी मोठी. त्यांना क्लार्कमध्ये फक्त पदव्युत्तर संशोधन हवं होतं. पैसा देणारे संस्थापक जोनास क्लार्क यांना तिथल्या मुलांसाठी पदवी महाविद्यालय हवं होतं. हा फरक वेळेत मिटला नाही आणि संस्थापकांनी हात आखडता घेतला. पगार, साधनं, दिलेली आश्वासनं यांवरून प्राध्यापक नाराज झाले. 1892 मध्ये शिकागोच्या नव्या विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आले आणि या नाराज प्राध्यापकांपैकी बऱ्याच जणांना घेऊन गेले. त्यांत अल्बर्ट मायकेल्सन होते, ज्यांना पुढे 1907 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच 1892 मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षही हॉलच होते. विषयातला मान आणि संस्थेतला विश्वास ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही.

तरी हॉल 1920 पर्यंत टिकले, आणि त्यांनी काम केलं. 1909 मध्ये विद्यापीठाच्या विसाव्या वर्षानिमित्त मनोविश्लेषणाचे प्रवर्तक फ्रॉइड आणि त्यांचे तेव्हाचे सहकारी युंग यांना त्यांनी क्लार्कला बोलावलं. 1920 मध्ये त्यांच्याकडे फ्रान्सिस सम्नर यांनी पीएच.डी. पूर्ण केली. मानसशास्त्रात ही पदवी मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन.

आता वाट कशी असते ते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की नावाजलेला संशोधक एके दिवशी थेट प्रमुख होतो. प्रत्यक्षात मधली पदं सगळं ठरवतात. सॅलोव्ही येलमध्ये आधी विभागप्रमुख होते, मग पदव्युत्तर शाळेचे अधिष्ठाता, मग येल कॉलेजचे अधिष्ठाता, 2008 पासून प्रोव्होस्ट आणि 2013 ते 2024 अध्यक्ष. प्रोव्होस्ट हे पद आपल्याकडच्या प्र-कुलगुरूपेक्षा जड असतं, शैक्षणिक बाजू आणि अंदाजपत्रक दोन्ही त्याच्याकडे. रोडिन येलमध्ये प्रोव्होस्ट होत्या आणि तिथून 1994 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या. आयव्ही लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या आठ जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातल्या, त्या पहिल्या कायमस्वरूपी महिला अध्यक्ष. कँटर मिशिगनच्या प्रोव्होस्ट होत्या, मग इलिनॉय, सिरॅक्यूज आणि रटगर्स-नेवार्क इथे चॅन्सलर, म्हणजे तिथल्या प्रमुख. म्हणजे पैसा, पदोन्नती आणि तक्रारी या तीन गोष्टी हाताळल्याशिवाय यातलं कुणी वर गेलेलं नाही.

विभागप्रमुख असताना तुम्ही पदोन्नतीच्या फायली पाहिल्या असतीलच. त्या फायलीत विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचा एक आकडा असतो: एका शिक्षिकेला पाचपैकी 4.1, दुसऱ्याला 4.3. समितीत कुणीतरी म्हणतं, “यांचं अध्यापन उजवं दिसतंय,” आणि चर्चा पुढे सरकते. अशा वेळी आपला माणूस खुर्चीत असेल तर तो विचारतो की अभिप्राय किती जणांनी भरला, वर्ग केवढा होता, विषय सक्तीचा होता की निवडीचा, उत्तरांचा पसारा किती आहे. बॉब उट्टल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये आधीच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं तेव्हा विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांत अर्थपूर्ण संबंध आढळला नाही. ही माहिती असलेला प्रमुख त्या 0.2 च्या फरकावर कुणाचं करिअर अडू देत नाही. मला हे काम फार मोलाचं वाटतं. ते कुणाला दिसत नाही, कुठल्या अहवालात येत नाही, आणि एखाद्या चांगल्या शिक्षिकेची पाच वर्षं त्याने वाचतात.

मुलाखतींचंही तसंच. समोर बसवून गप्पा मारल्या की माणूस कळतो, यावर समित्यांची गाढ श्रद्धा असते. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये निवडपद्धतींचा फेरआढावा घेतला. प्रत्येकाला तेच प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण अशा मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (अजिबात नसेल तर 0, पूर्ण असेल तर 1) त्यांना साधारण 0.42 मिळाला, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा 0.19. मी समितीवर असते तेव्हा प्रश्न आधी लिहून घ्यायला लावते आणि चर्चेआधी प्रत्येकाने आपापले गुण कागदावर मांडायचे, असा आग्रह धरते. ज्येष्ठ सदस्याने आधी मत दिलं की बाकीच्यांची पेन्सिल तिकडे झुकते. हे आपण वर्गात शिकवतो, मग समितीच्या खोलीत विसरून कसं चालेल?

ज्यांच्या कामात विषय आणि पद यांची सांगड मला सगळ्यात स्वच्छ दिसते ते म्हणजे रिचर्ड ॲटकिन्सन. 1968 मध्ये त्यांनी आणि रिचर्ड शिफ्रिन यांनी मांडलेलं स्मृतीचं प्रारूप आपण सगळेच शिकवतो. स्टॅनफर्डमधून ते नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेत गेले, 1977 ते 1980 तिचे संचालक होते. मग 1995 पर्यंत सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चॅन्सलर आणि त्यानंतर 2003 पर्यंत संपूर्ण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष.

प्रवेशासाठीच्या एसएटी या परीक्षेबद्दल त्यांना जुनी शंका होती. एका खासगी शाळेत त्यांनी बारा वर्षांची मुलं शब्दांच्या सादृश्यांचे प्रश्न घोकताना पाहिली, ‘अमुकाला तमुक, तर याला काय’ या प्रकारचे. शिकण्याचा वेळ परीक्षेच्या साच्यात जात होता. फेब्रुवारी 2001 मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका भाषणात त्यांनी जाहीर केलं की सर्वसाधारण क्षमता मोजणारी एसएटी-1 प्रवेशाच्या अटींतून काढावी अशी शिफारस आपण करत आहोत, आणि मुलांनी शाळेत जे शिकलंय ते तपासणाऱ्या विषयवार परीक्षा वापराव्यात. विद्यापीठाच्या स्वतःच्या सुमारे 78 हजार विद्यार्थ्यांच्या माहितीवरून दिसत होतं की पहिल्या वर्षाच्या गुणांचा अंदाज बांधायला विषयवार परीक्षा एसएटी-1 पेक्षा सरस आहेत.

इथे एक गोष्ट नीट पाहा. प्रवेशाचे निकष ठरवणं त्या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सिनेटकडे असतं. ॲटकिन्सन यांनी हुकूम काढला नाही, सिनेटकडे विचारार्थ पाठवलं. विषयाचं ज्ञान त्यांच्याकडे, माहिती विद्यापीठाकडे आणि निर्णय सिनेटकडे, ही विभागणी त्यांनी मोडली नाही. विद्यापीठ मोठं ग्राहक असल्यामुळे परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाला हालचाल करावी लागली. 2005 च्या नव्या एसएटीतून सादृश्यांचे प्रश्न गेले आणि निबंधलेखन आलं. प्रयोगशाळेत चाचण्यांचं बळ आणि मर्यादा दोन्ही अभ्यासलेल्या माणसाने योग्य जागी बसून योग्य प्रश्न विचारला, तर काय होऊ शकतं त्याचा हा नमुना आहे. तुम्हाला एकच कारकीर्द अभ्यासायची असेल तर हीच अभ्यासा.

सॅलोव्ही यांच्याकडून शिकायचं ते वेगळं. 1990 मध्ये जॉन मेयर यांच्याबरोबर त्यांनी भावनिक बुद्धिमत्तेची, म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखून त्यांचा नीट उपयोग करण्याच्या क्षमतेची, संकल्पना मांडली. पत्रकार साहजिकच विचारत राहिले की या संकल्पनेचा जनक विद्यापीठ कसं चालवतो. कसोटी आली ती एका नावावरून. येलमधल्या एका निवासी कॉलेजला जॉन कॅल्हून यांचं नाव होतं. ते 19 व्या शतकातले राजकारणी, गुलामगिरीचे कट्टर समर्थक. एप्रिल 2016 मध्ये सॅलोव्ही यांनी नाव ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. विरोध उसळला. ऑगस्टमध्ये त्यांनी एक समिती नेमली आणि तिच्याकडे काम दिलं ते असं: कुठल्याही वास्तूचं नाव केव्हा बदलावं आणि केव्हा बदलू नये याची तत्त्वं आधी ठरवा. तत्त्वं आल्यावर ती कॅल्हूनच्या प्रकरणाला लावून पाहण्याचं काम वेगळ्या तज्ज्ञांनी केलं. फेब्रुवारी 2017 मध्ये नाव बदलून संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांचं देण्यात आलं.

जाहीर केलेला निर्णय मागे घेताना प्रमुखाच्या दोन भित्या असतात. दबावाला बळी पडलो असं दिसेल ही एक, आणि पुढच्या प्रत्येक मागणीला दार उघडेल ही दुसरी. आधी निकष, मग प्रकरण, हा क्रम दोन्हींवर उपाय आहे. संशोधनात आपण हेच करतो. गृहीतक आणि कसोटी आधी लिहून ठेवतो, आकडे नंतर पाहतो. मी या प्रकरणात भावनिक बुद्धिमत्ता शोधत नाही, मला त्यात पद्धतीची शिस्त दिसते.

रोडिन यांचं उदाहरण देताना मी जरा जपून बोलते. एलेन लँगर आणि त्यांनी 1976 मध्ये वृद्धाश्रमात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं गेलं की तुमच्या खोलीचे, वेळेचे निर्णय तुमचे, आणि एक रोपटं निवडून त्याची देखभालही त्यांच्याकडे दिली. दुसऱ्या मजल्यावर रोपटं दिलं, पण पाणी कर्मचारी घालणार होते. निवडीचा हक्क मिळालेले वृद्ध जास्त तरतरीत, जास्त सक्रिय दिसले. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या अध्यक्ष म्हणून रोडिन यांनी विद्यापीठालगतच्या, गुन्हेगारीने पोळलेल्या वस्तीत काम केलं: रस्त्यांवर दिवे, स्वच्छता, कर्मचाऱ्यांनी तिथे घर घ्यावं म्हणून अर्थसाहाय्य, 2001 मध्ये सार्वजनिक शाळा. या दोन गोष्टी एका धाग्यात ओवायचा मोह मलाही होतो. पण एका मजल्यावरचा प्रयोग आणि शहरातली वस्ती यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते आपणच सांगितलं पाहिजे. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांत सांख्यिकीयदृष्ट्या अर्थपूर्ण निष्कर्ष पुन्हा मिळाला. आपल्या विषयातला एखादा आकर्षक शोध घेऊन हजारो माणसांच्या संस्थेवर थेट राबवणारा प्रमुख मला धोकादायक वाटतो. आधी एका विभागात करून पाहा, तुलनेला दुसरा विभाग ठेवा, वर्षभर थांबा.

नेतृत्वाचा सिद्धांत मांडला म्हणून नेतृत्व जमेलच असंही नाही. रॉबर्ट स्टर्नबर्ग यांचं बुद्धिमत्तेवरचं काम आपल्या पिढीने घोटून वाचलं. शहाणपण, बुद्धिमत्ता आणि सर्जनशीलता यांच्या मिलाफावर उभं नेतृत्वाचं प्रारूपही त्यांचंच. टफ्ट्समध्ये अधिष्ठाता आणि ओक्लाहोमा स्टेटमध्ये प्रोव्होस्ट म्हणून ते वर्षानुवर्षं राहिले. जुलै 2013 मध्ये वायोमिंग विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला. त्या काही महिन्यांत प्रोव्होस्ट आणि अनेक अधिष्ठाते पदावरून गेले होते. नंतर ते कॉर्नेलमध्ये अध्यापनाकडे परतले आणि जोमाने लिहीत राहिले. माझं मत विचाराल तर नव्या संस्थेत पहिलं वर्ष ऐकण्याचं असतं. तिथली माणसं कशावर एकत्र येतात आणि कशावर दुखावतात हे बाहेरून आलेल्याला माहीत नसतं, मग तो कितीही मोठा मानसशास्त्रज्ञ असो.

आता एक गोष्ट जी फक्त आपल्या विषयाच्या माणसाला भोगावी लागते. तुमचं प्रशिक्षण समुपदेशनाचं किंवा चिकित्सेचं असेल तर हे नीट वाचा. दार लावून कुणीतरी समोर बसतं. घरचं सांगतं, झोप लागत नाही म्हणतं, रडतं. आपण ऐकतो, कारण ऐकायचं कसं ते आपल्याला येतं. चार महिन्यांनी त्याच व्यक्तीची बदली, चौकशी किंवा पदोन्नती आपल्या सहीसाठी येते. ऐकलेलं आता कुठे ठेवायचं? वापरलं तर विश्वासघात, आणि वापरलं नाही तरी समोरच्याच्या मनात संशय राहतोच. व्यावसायिक आचारसंहितेतला दुहेरी नात्यांचा नियम (एकाच माणसाशी दोन भूमिकांतून नातं नको) याचसाठी आहे. मी ठरवून घेतलं होतं की असं बोलणं सुरू झालं की सांगायचं, “इथे मी तुमची अधिष्ठाता आहे, तुमची समुपदेशक होऊ शकत नाही. योग्य व्यक्तीकडे मी आजच वेळ ठरवून देते.” ऐकायला कोरडं वाटतं, पण त्या माणसाच्या भल्याचं तेच असतं. सहकाऱ्याच्या वागण्याला मनातल्या मनात निदानाचं लेबल लावण्याची सवयही तिथेच सोडावी लागते. “हे असेच, यांचा स्वभावच तसा,” असं म्हटलं की त्यांची तक्रार खरी आहे का हे तपासणं थांबतं. पुष्कळदा ती खरी असते.

संशोधनाबद्दल स्पष्ट सांगते. विभागप्रमुख असताना ते चालतं, अधिष्ठाता झाल्यावर रखडतं, आणि प्रमुखपदावर स्वतःची प्रयोगशाळा जवळजवळ बंद पडते. सहलेखक म्हणून नाव येत राहील, पण नवा प्रश्न सुचायला लागणारी मोकळी सकाळ मिळत नाही. विद्यार्थी घेतले असतील तर त्यांचं मार्गदर्शन पूर्ण होईल अशी लेखी व्यवस्था करून मगच पद घ्या. अर्ध्यावर सोडलेल्या शोधार्थीचं नुकसान भरून येत नाही. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या पाहण्यांनुसार तिथल्या अध्यक्षांचा पदावरचा सरासरी काळ 2006 मध्ये साडेआठ वर्षं होता, 2023 च्या अहवालात तो 5.9 वर आला. म्हणजे पद तुलनेने लवकर संपतं आणि त्यानंतरही काम करायची वर्षं शिल्लक राहतात. म्हणून प्रमुख असतानाही आठवड्यातून एक तास वर्गात शिकवत राहा असं मी सगळ्यांना सांगते. विषय जिभेवर राहतो, आणि विद्यापीठात काय चाललंय ते विद्यार्थ्यांकडून जसं कळतं तसं कुठल्याही अहवालातून कळत नाही.

तुमच्या निर्णयाविषयी. पगार, गाडी, दालन यांबद्दल विचारण्याआधी विद्याशाखेची तीन कागदपत्रं मागून घ्या. गेल्या तीन वर्षांचं अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च. रखडलेल्या पदोन्नतींची यादी, कारणांसह. न्यायालयात आणि तक्रार निवारण समितीपुढे चालू असलेल्या प्रकरणांची यादी. द्यायला टाळाटाळ झाली तर नेमणुकीच्या अटी लेखी घ्या आणि त्यांत सहायक कर्मचारी, रिक्त जागा भरण्याचा अधिकार आणि खर्चाची मर्यादा स्पष्ट असू द्या. कागद हातात आले तर ते घेऊन दोन दिवस बसा, आणि आधीच्या अधिष्ठात्यांना भेटून विचारा की यातलं कोणतं प्रकरण त्यांनी मुद्दाम हाती घेतलं नाही आणि का. ते उत्तर मिळाल्यावरही तुम्हाला त्या प्रकरणात हात घालावासा वाटला, तर पद घ्या.